चौथीच्या वर्गात ठसेकाम: ८ सेंटिमीटरच्या ठशापासून वहीच्या कव्हरापर्यंतच्या नोंदी

काम असं होतं: ९-१० वर्षांच्या ३६ मुलांनी प्रत्येकी एक नक्षी रचायची, तिचा फोमचा ठसा करायचा, तो ए३ कागदभर छापायचा आणि त्याच कागदाचं ए५ वहीला कव्हर घालायचं. आठवड्यातून एक जोडतास, म्हणजे ८० मिनिटं. सहा टेबलं, टेबलाला सहा मुलं, वर्गाबाहेर एकच नळ. अंदाज पाच आठवड्यांचा होता, लागले सात. ते दोन आठवडे कुठे गेले ते खाली जागोजागी येईलच.

नोंद ०. वर्गाच्या आधी एक कागद स्वतः

मुलांसमोर जाण्याआधी एक कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केला, आणि तिथेच पहिली चूक सापडली. ठसा १० सेंमीचा ठरवला होता. ए३ कागद आडवा ४२ × २९.७ सेंमी. त्यावर १० सेंमीची घरं बसतात ४ × २, म्हणजे आठच, आणि खाली जवळजवळ १० सेंमीची पट्टी कोरी राहते. ८ सेंमी घेतले की ५ × ३, पंधरा घरं. डावी-उजवीकडे १ सेंमी आणि वर-खाली सुमारे २.८ सेंमी कोरं उरतं. उघडी ए५ वही २९.७ × २१ सेंमी असल्यामुळे घडी घालताना बाजूंनी ६ आणि वर-खाली ४ सेंमीच्या वर कागद आत जातो. कोऱ्या कडा त्या घडीतच लपतात.

मोठा माणूस एकटा, रोलर सतत हाताशी, तरी पंधरा ठशांना अर्धा तास लागला. टेबलावर एक रोलर आणि सहा मुलं म्हणजे ९० वेळा रंग लावणं. एका जोडतासात हे होणार नाही हे इथेच कळलं. छपाईला दोन आठवडे दिले, अंदाज पाचाचा सहा झाला.

फोम ३ मिमी जाडीचा, गुळगुळीत, दाट. पॅकिंगमध्ये येणारा दाणेदार थर्माकोल चालत नाही. पेन्सिल दाबली की दाणे उचकटतात आणि रेघेची कड फुटते. ए४ आकाराच्या एका शीटमधून ८ सेंमीचे सहा तुकडे निघतात, त्या हिशेबानं ३६ मुलांना सहा शीट. आणल्या आठ. तुकडे मोठ्यांनी कटरनं आधीच कापून ठेवले, कारण कात्रीनं कापताना फोमची कड दबते आणि चौकोन चौकोन राहत नाही.

नोंद १. पहिला आठवडा: आकार शोधणं

फळ्यावर "नक्षी काढा" एवढंच लिहिलं. वीस मिनिटांत अर्ध्याहून जास्त कागदांवर बदाम, चांदण्या आणि हसरे चेहरे. मुलांना सांगण्यासारखं काहीच दिलं नव्हतं, तर त्यांनी हाताला सवय असलेलं काढलं. ती वीस मिनिटं वाया.

मग प्रत्येक टेबलावर वस्तू ठेवल्या: वाळलेल्या शेंगा, किल्ल्या, जुन्या घड्याळातली चाकं, पानं, शंख. पुठ्ठ्यात ३ × ३ सेंमीची खिडकी कापून दिली. खिडकीतून वस्तूचा जेवढा भाग दिसेल तेवढाच काढायचा. किल्लीची निव्वळ दातेरी कड आली, शेंगेची फक्त उसवलेली शिवण आली. या वयात मुलं "खरं दिसतंय का" यावर अडायला लागतात. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्डनं मुलांच्या चित्रकलेचे टप्पे पाडताना ९ ते १२ वर्षांचा टप्पा वेगळा ठेवला त्यामागे हेही आहे. वस्तूचा तुकडाच काढायचा म्हटल्यावर "मला येत नाही" म्हणणारी तोंडं बरीच कमी झाली.

पेन्सिल काढून घेतली आणि जाड मार्कर दिला. पेन्सिलीनं मुलं केसाएवढ्या रेघा काढतात आणि फोमवर त्या उमटत नाहीत. नियम एकच: मार्करनं जे जमत नाही ते ठशातही जमणार नाही.

नोंद २. दुसरा आठवडा: कापून अदलाबदल

शेजारची घरं एकमेकांना जुळावीत म्हणून ८ सेंमीच्या कागदी चौकोनावर नेहमीची युक्ती केली. मधोमध आकार काढायचा, कडांना अजिबात लावायचा नाही. चौकोन उभा कापून डावा-उजवा भाग बदलायचा, मग आडवा कापून वरचा-खालचा. कडा आता मध्ये येतात, तिथली मोकळी जागा भरायची.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात ३६ पैकी ११ चौकोन बिघडले, आणि तीन कारणांनी:

पहिलं, तुकडे फिरले. अदलाबदल करायच्या ऐवजी मुलांनी तुकडा उलटा फिरवून लावला. उपाय: कापण्याआधी चारही भागांवर बारीक आकडे, वर १ २, खाली ३ ४. बदलून झाल्यावर वर ४ ३, खाली २ १ असं दिसलं पाहिजे आणि सगळे आकडे सुलटे. आकडा आडवा दिसला की मूल स्वतःच पकडतं, बोलवायला येत नाही.

दुसरं, चिकटपट्टी पुढून लावली. तिच्यावर मार्कर पुसला जातो. पट्टी मागूनच.

तिसरं, पहिलाच आकार कडेपर्यंत गेला होता. तो कापला गेल्यावर कडा जुळत नाहीत आणि दुरुस्तीही नसते, नवा चौकोन घ्यावा लागतो. म्हणून आता चौकोनाच्या आत १ सेंमी सोडून फिकट चौकट छापूनच देतो.

तास संपल्यावर सहा-सहा चौकोन एका ए४ कागदावर चिकटवून प्रत्येकी चार प्रती काढल्या, सहा कागदांच्या २४. पहिल्या वेळी यंत्रावर "पानात बसवा" हा पर्याय चालू राहिला आणि सगळे चौकोन थोडे लहान आले. मूळ चौकोनावर पट्टी ठेवून बघितलं म्हणून कळलं. २४ प्रती फुकट.

नोंद ३. तिसरा आठवडा: दुरून बघणं, मग फोमवर उतरवणं

प्रत्येकानं आपले चार चौकोन २ × २ लावले, भिंतीवर टाचले आणि ३ मीटर मागे जाऊन डोळे बारीक करून बघितले. या वेळी "छान" हा शब्द बंद. दोनच प्रश्न: नजर कुठे अडकते? पांढरे पट्टे कुठे पडतात? सुट्या चौकोनात न दिसणारी मोकळी जागा चार घरं लागली की सलग पट्टा होऊन दिसते. चौदा जणांच्या नक्षीत असे पट्टे होते. आकार हलवायचा नाही, पट्ट्यात ठिपका, पान, रेघ टाकून तो तोडायचा. शिक्षकानं "इथे टाक" म्हणून बोट ठेवलं की मूल तिथेच आणि तेवढंच टाकतं, त्यामुळे बोट खिशात ठेवलेलं बरं.

फोमवर कागद सुलटा ठेवून बंद झालेल्या बॉलपेननं रेघा गिरवल्या, कागद काढून त्याच रेघा बोथट पेन्सिलीनं पुन्हा दाबल्या. छाप आरशातल्यासारखा उलटा येतो. नक्षीला त्यानं काही बिघडत नाही, कारण सगळीच घरं सारखी उलटतात आणि कडा जुळलेल्याच राहतात. अक्षरं घेतलेल्या दोघांना मात्र कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून पुन्हा गिरवावा लागला.

रेघेची खोली फोमच्या निम्मी, म्हणजे दीड मिमी. त्याहून उथळ रेघ तिसऱ्या-चौथ्या छापाला रंगानं भरते. टोकदार पेन्सिलीनं फोम फाटतो आणि फाटक्या कडेत रंग साचतो. सगळ्या पेन्सिली आधी रद्दीवर घासून बोथट केल्या.

आता मोठा घोळ. ठसा धरायला सोपा जावा म्हणून फोममागे पुठ्ठा चिकटवायचा होता. एका टेबलावर उग्र वासाचा, रबर चिकटवायचा डिंक गेला. त्यातल्या द्रावकानं फोम विरघळतो. दोन मिनिटांत सहाच्या सहा ठशांना खड्डे पडले. मूळ कागद जपून ठेवले होते म्हणून जादाच्या दोन शीटमधून नवे तुकडे देता आले, पण त्या टेबलाचा अर्धा तास गेला आणि वर्गात वासही राहिला. फोमला पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक किंवा दुहेरी चिकटपट्टी, तिसरं काही नाही. आम्ही पट्टीवर आलो. डिंक वाळायला रात्र जाते.

पुठ्ठ्याच्या पाठीवर बाण काढायचा, टोकाशी "वर" लिहायचं. ठसा फिरला की कडा जुळणं संपलं.

नोंद ४. चौथा आठवडा: रंगानं खाल्लेला तास

या दिवशी छपाई व्हायची होती, ती झालीच नाही. पोस्टर कलर थोडं पाणी घालून रोलरला दिला. पातळ रंग रेघांत वाहिला आणि छाप चिखलासारखे आले. पाणी न घालता दिला तर सहाव्या मुलापर्यंत ठसा पोचेतो रंग वाळलेला. रोलर ५ सेंमी रुंद होते, ८ सेंमीच्या ठशावर दोनदा फिरवावे लागत आणि मध्ये जाड पट्टा उठे. अर्ध्या तासानंतर छपाई थांबवली, उरलेल्या वेळात कागदांवर खुणा करून घेतल्या. हा गेलेला आठवडा म्हणजे अंदाजाबाहेरचा दुसरा.

पुढच्या आठवड्यापर्यंत शाळा सुटल्यावर रंगाच्या चाचण्या केल्या. जमलेलं मिश्रण: पोस्टर कलर ३ भाग, सीएमसीची (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, पाणी दाट करणारी पूड) खळ १ भाग, आणि दर १०० मिलीला ग्लिसरीन १ छोटा चमचा (५ मिली). खळ करायला १०० मिली पाण्यात २ ग्रॅम सीएमसी पूड. पूड पाण्यावर भुरभुरत सतत ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. पाणी पुडीवर ओतलं तर गाठी होतात आणि त्या फुटत नाहीत, गाळाव्या लागतात.

रंग बरोबर आहे का हे कानानं ओळखता येतं. सपाट ट्रेवर रोलर फिरवताना बारीक चिकट चरचर आली आणि रंगावर संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसला की ठीक. आवाज नाही आणि चकचकीत दिसतोय तर रंग जास्त आहे. मुलांना ही खूण मापापेक्षा लवकर कळली. रोलर १० सेंमीचे आणले.

खुणांबद्दल. आधी पेन्सिलीनं पूर्ण जाळी आखत होतो. दोन ठशांच्या मधे रेघ दिसत राहते आणि खोडताना ताजा रंग फासतो. इंग्लिश नक्षीकार विल्यम मॉरिसच्या (१८३४–१८९६) काळी भिंतीचे कागद लाकडी ठशांनी छापत, तेव्हा ठशाच्या कडेला बारीक पिना असत. पिनेचा ठिपका पडे, पुढचा ठसा त्याला जुळवून टेकवायचा. तेच उचललं. पुठ्ठ्याच्या पट्टीला १, ९, १७, २५, ३३, ४१ सेंमीवर खाचा, उभ्या पट्टीला २.९, १०.९, १८.९, २६.९ वर. कागदावर फक्त कोपऱ्यांचे २४ ठिपके. सहा मिनिटांत होतं.

नोंद ५. पाचवा आठवडा: रांगा १, ३, ५

शेजारशेजारची घरं एकाच दिवशी छापली तर ओला रंग पुढच्या ठशाला लागतो. म्हणून उभ्या पाचांतल्या १, ३ आणि ५ या रांगाच घेतल्या, मुलामागे नऊ ठसे. छापायला वरून सुरुवात, आपल्याकडे येत जायचं. खालून वर गेलं की बाही ओल्या रंगावरून फिरते.

कागदाखाली घडी घातलेली रद्दी, साधारण ५ मिमी. कडक टेबलावर ठसा मधे उमटत नाही, आणि उमटावा म्हणून मुलं उभी राहून जोर लावतात, मग फोम चेपतो. गादीवर ठसा ठेवून तळव्यानं दाबत पाच आकडे मोजायचे, एवढं पुरतं. कागद ८० ग्रॅमचा साधा. एका टेबलावर जाड ड्रॉइंग पेपर देऊन बघितला, छाप ठिपक्याठिपक्यांचे आले. हातानं छापायला पातळ कागदच.

टेबलावरच्या कामाची विभागणी: एक जण फक्त रोलर चालवतो, दोघं छापतात, एक जण कागद उचलतो, दोघं पुढची तयारी करतात, नऊ ठसे झाले की जागा बदलायची. पहिल्या दहा मिनिटांत रोलरवरून भांडणं झाली. विभागणी फळ्यावर लिहिल्यावर थांबली. ट्रेमध्ये एका वेळी दोनच चमचे रंग. जास्त ओतला की जास्त लावला जातो.

धुणं: ३६ मुलं, एक नळ, माणशी अर्धा मिनिट म्हटलं तरी १८ मिनिटं. पहिल्या दिवशी २५ लागली आणि पुढच्या तासाला उशीर झाला. त्यावर इलाज म्हणून दोन बादल्या आणि टेबलाला दोन ओली फडकी दिली. हात आधी फडक्याला, मग बादलीत. नळावर टेबलामागे एकच मूल, ते रोलर आणि ट्रे नेतं. ठसे धुवायचे नाहीत, ओल्या फडक्यानं टिपायचे. धुतलेल्या चार ठशांचा पुठ्ठा फुगून वाकडा झाला होता.

दुसऱ्या दिवशीची जोड-नोंद

कागद एकावर एक रचून ठेवले होते. वरून वाळलेले वाटत होते, सकाळी नऊ कागद एकमेकांना चिकटलेले. एका बाटलीत ग्लिसरीन दुप्पट पडलं होतं, तो रंग लवकर वाळलाच नाही. पाच कागद सुटे झाले, चार फाटले. तेव्हापासून दोरी आणि चिमटे. ३६ ए३ कागद आडवे टांगायला १५ मीटरच्या वर दोरी लागते; उभे आणि पाठीला पाठ लावून दोन-दोन टांगले की साडेपाच मीटरात बसतात.

नोंद ६. सहावा आठवडा: रांगा २ आणि ४, आणि आमचीच चूक

बेत असा होता की २ आणि ४ या रांगा अर्ध्या घरानं खाली सरकवायच्या. मांडणी कमी ठोकळेबाज दिसते आणि पांढरे पट्टेही तुटतात. ४ सेंमी सरकवल्यावर रांगेत तीनाऐवजी चार ठसे लागतात, वरचा आणि खालचा कागदाबाहेर साधारण १ सेंमी जातो. तो रद्दीवर उमटतो, झाकायची गरज नाही. म्हणजे एकूण पंधराऐवजी सतरा ठसे.

पहिल्या टेबलानं दुसरी रांग छापली आणि सहांपैकी चौघांची नक्षी बाजूच्या कडेवर तुटलेली. कारण उघड होतं, दिसायला हवं होतं. दुसऱ्या आठवड्यातली अदलाबदल ही सरळ मांडणीसाठी असते. डाव्या-उजव्या कडेवरून जाणारा आकार समोरासमोरच जुळतो. रांग अर्ध्या घरानं सरकली की त्याच्यासमोर भलताच भाग येतो. भिंतीवरची तपासणीही २ × २ सरळच केली होती, त्यामुळे तिथे हे पकडलं जाणं शक्य नव्हतं. मुलांचा यात काही दोष नाही हे त्यांना तिथेच सांगितलं.

बाकीच्या पाच टेबलांना थांबवून ठशाच्या कडा बघायला लावल्या. आकार बाजूच्या कडेवरून जातोय? सरळ मांडणी, तीन-तीन ठसे. फक्त वरच्या-खालच्या कडेवरून जातोय, बाजू मोकळ्या आहेत? हवं तर सरकवा. या पाच टेबलांवरच्या ३० जणांत अकरा सरकवू शकत होते, आठांनी सरकवलं. त्या चौघांना कोरे कागद दिले. तुटलेले कागद दोघांनी मागून घेतले, त्यांना ते तुटणं आवडलं होतं.

नोंद ७. सातवा आठवडा: कव्हर

घडीचा तास सुरळीत गेला, लिहिण्यासारखं थोडंच. वही मधोमध ठेवून आधी वर-खालची घडी, मग बाजूंची. उलट केलं तर कोपरे जाड होतात. कागद आडवाच धरायचा, नाहीतर नक्षी वहीवर आडवी पडते. तिघांनी तसं केलं. फाटलेल्या आणि बदललेल्या कागदांची मुलं या तासाला छापतच होती, सगळ्यांची कव्हरं एकदम झाली नाहीत.

मूल्यमापन कव्हराकडे बघून केलं नाही. चार गोष्टी बघितल्या: खिडकीतून काढलेलं पहिलं चित्र, भिंतीवर बघून केलेला बदल, चाचणीचा छाप, आणि "काय बदललं, का" याचं एक वाक्य. वाक्य तोंडी सांगितलं तरी चालतं. सगळ्यात स्वच्छ छापलेल्या तिघांनी पहिल्यापासून काहीच बदललं नव्हतं, तेही नोंदवलं.

संपलेला माल: फोम ८ शीट, ए३ कागद ७० (मुलांचे ३६, बाकी चाचण्या, फाटलेले आणि बिघडलेले), तयार रंग ९०० मिली, त्यातला सुमारे २०० मिली चौथ्या आठवड्याच्या घोळात टाकून दिलेला. दुहेरी चिकटपट्टी दोन रिळं. मोठ्यांचा शाळेबाहेरचा वेळ साधारण अकरा तास, त्यातले चार फक्त रंगावर.

नोंद ८. दुसरी तुकडी, दुसरा आठवडा

सरकवलेल्या मांडणीसाठी वेगळी अदलाबदल करून बघितली. वर-खालच्या कडा नेहमीसारख्या: चौकोन आडवा कापून अदलाबदल, मधे येणारी जागा भरणं, पुन्हा मूळ जागी जोडणं. मग उभा कापून उजवा भाग डावीकडे आणायचा तसाच, २ वर ४ खाली. डाव्या भागाचे दोन तुकडे करून उलट क्रमानं उजवीकडे लावायचे, ३ वर १ खाली. वर २ ३, खाली ४ १ असं दिसलं पाहिजे. मधल्या जोडावरून आकार काढायचा आणि चारही तुकडे परत १ २, ३ ४ असे जोडायचे. आता २ ची उजवी कड ३ च्या डाव्या कडेला जुळते, ४ ची १ ला.

सगळ्या वर्गाला हे दिलं नाही. सरळ अदलाबदल वेळेआधी संपवलेल्या सात जणांना दिलं, पाचांना जमलं, दोघांनी तुकड्यांवर आकडे घातले नव्हते. भिंतीवरची तपासणी मात्र आता सगळ्यांचीच दोन्ही प्रकारे होते: चार प्रती आधी सरळ, मग उजव्या दोन अर्ध्या घरानं खाली. त्याला सात मिनिटं जास्त लागतात.